आमच्या नेहमीच्या शिराझचा रिव्ह्यू : मालक बदलायच्या आधीची २०१६ आणि नंतरची २०२२

वायनरीचं नाव लिहिणार नाही, ते आधीच सांगतो. घाटावरची आहे, एका शेतकरी कुटुंबाने काढलेली, मधल्या काळात मोठ्या कंपनीने घेतली, एवढं पुरे. तिथे बागेत आणि सेलरमध्ये राबणारी बरीच माणसं अजून तीच आहेत, वाईन बदलली त्यात त्यांचा दोष नाही आणि माझ्या लिहिण्याने कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पण वाईनबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण ही शिराझ, म्हणजे त्या जातीच्या द्राक्षांची लाल वाईन, आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात दहाएक वर्षं येत होती, शागुती केली की हीच, पाव्हणे आले की हीच, बाबांच्या पंच्याहत्तरीला सहा बाटल्या आणल्या त्याही ह्याच. आमच्याकडे आधी वाईन म्हणजे फक्त पोर्ट, ती गोड, बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला चमचा चमचा द्यायची. कोरडी लाल वाईन जेवणाबरोबर प्यायची सवय घरात लागली ती ह्या बाटलीमुळे, त्यामुळे जे लिहितोय ते जीव लावून लिहितोय.

गेल्या वर्षी चवथ म्हणजे गणपती झाल्यावर एक नवी बाटली उघडली, २०२२ची, आणि पहिल्याच घोटाला बायको म्हणाली, साखर घातलीय की काय ह्यात? मीही चाखली आणि गप्प बसलो.

पहिला संशय मी दुकानावर घेतला. गोव्यात तो घ्यावाच लागतो. इथे दारूची दुकानं गल्लोगल्ली आहेत पण वाईन नीट ठेवणारी फार थोडी, बाटल्या उभ्या, वर पत्रा, समोर दुपारचं ऊन, एप्रिल-मेमध्ये आत गेलं तर माणसाचाच जीव घुसमटतो तर वाईनचं काय होत असेल. अशा उष्म्यात महिनोन्‌महिने राहिलेली लाल वाईन शिजते, वास उकडलेल्या जांभळासारखा येतो आणि फळाचा ताजेपणा पार निघून जातो. मी ती बाटली हायवेवरच्या दुकानातनं घेतली होती, घाईत. म्हटलं आपलीच चूक, एका बाटलीवरनं वायनरीला नावं ठेवायची नाहीत.

मग पणजीला गेलो, मार्केटच्या मागच्या अंगाला माझं जुनं दुकान आहे तिथे. ह्या दुकानाचाही रिव्ह्यू इथेच करून टाकतो कारण असं दुकान गोव्यात मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे नेहमीसारखंच काउंटर, बीअर, व्हिस्की, फेणी, पण आत एक लहान खोली आहे जिथे एसी रात्रंदिवस चालू, वीज गेली तर इन्व्हर्टरवर, आणि बुचाच्या सगळ्या बाटल्या लाकडी फळ्यांवर आडव्या म्हणजे बूच सुकत नाही. मालक, ज्याला आम्ही सगळे पात्रांव म्हणतो, पेटी आली की प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आल्याचा महिना आणि वर्ष लिहितो. कुठली बाटली त्याच्याकडे किती दिवस पडून आहे ते त्याला तर कळतंच, गिऱ्हाइकालाही कळतं, लपवाछपवी नाही. मी २०२२ मागितली तेव्हा त्याने ती दिली पण हात मागे घेताना म्हणाला, "आदलें तें उरलें ना, बाब." म्हणजे आधीचं ते राहिलं नाही. त्यालाही कळलं होतं. मग आत जाऊन २०१६ची एक घेऊन आला, स्वतःसाठी दोन ठेवल्या होत्या त्यातली, छापील किमतीलाच दिली, वर एक रुपया घेतला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दोन्ही उघडल्या. चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग, कारण लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हे थंड देशातल्या रूमसाठी खरं आहे, आमच्या फोंड्याच्या रूमला ती सरबतासारखी कोमट लागते. बायकोने स्वयंपाकघरात ओतून ग्लासांखाली कागदाच्या चिठ्ठ्या सरकवल्या, अ आणि ब, आम्हाला कुठला कुठला ते माहीत नाही. प्यायला मी, माझा मेव्हणा, आणि शेजारचा तारवटी, वीस वर्षं क्रूझवर बारमध्ये काढलेला माणूस, त्याची जीभ माझ्यापेक्षा तयार.

अ मध्ये नाक घातलं आणि काळी मिरी. मग सुकलेलं जांभूळ, नव्या कातड्याच्या चपलेचा वास, थोडं लवंगेसारखं काहीतरी. रंग कडेला विटकरी झालेला. तोंडात तुरटपणा होता पण झिजून मऊ झालेला, आणि गिळल्यावर मिरी जी राहते ती राहतेच, बोलायला तोंड उघडलं तरी जात नाही. ब चा रंग गडद जांभळा, चकचकीत, दिसायला जास्त सुंदर. वास आधी जॅमचा, मग व्हॅनिलाचा, केकवाला व्हॅनिला. पहिला घोट गोड, भरलेला, आवडण्यासारखा, आणि मग एकदम काही नाही, जशी काय कुणी लाईट बंद केली. दोष म्हणावा असं काही नव्हतं, शिजलेली नव्हती, आंबलेली नव्हती, स्वच्छ वाईन होती. मेव्हण्याला आधी ब च आवडली, तसं त्याने सांगितलंही. मग मटणाची शागुती आली. भाजलेलं खोबरं, खसखस, चक्रीफूल, जायफळ, मिरी, हे सगळं एकत्र तोंडात असताना अ चा घोट घेतला तर मसाला आणि वाईन एकमेकांना ओळखतात असं वाटतं, आणि ब चा घेतला तर नुसतं रंगीत साखरपाणी. मेव्हण्याने काही न बोलता ग्लास बदलला. तारवटी म्हणाला, ब सारखी वाईन आम्ही बोटीवर पॅकेजमधल्या लोकांना द्यायचो, कुठल्याही देशातली असू दे, चव हीच.

आता कोणी म्हणेल की जुनी मुरलेली आणि नवी कोवळी शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. बरोबर आहे त्यांचं. म्हणून वही काढली. मी प्यायलेल्या वाईनची टिपणं ठेवतो, आणि हीच २०१६ची मी २०१८ साली पहिल्यांदा उघडली तेव्हा लिहिलंय, "तुरट जास्त, अर्धा तास उघडी ठेवावी, मिरी भरपूर, गोडवा नाही, शेवट लांब." म्हणजे कोवळेपणीही ती गोड नव्हती आणि शेवट लांबच होता. २०१४ आणि २०१५च्या पानांवरही थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे हा वयाचा फरक नाही, वाईनच वेगळी आहे.

बाटल्या पालथ्या करून मागची लेबलं वाचली तेव्हा उलगडा व्हायला लागला. जुन्या लेबलावर गावाचं नाव होतं, द्राक्षं स्वतःच्या बागेतली असं लिहिलेलं होतं, आणि बाटली भरल्याची जागा तीच. नव्या लेबलावर बागेचा उल्लेखच नाही, भरल्याची जागा दुसऱ्या तालुक्यातली, आणि पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत एक नवा शब्द आलाय, रिझर्व्ह. ह्या शब्दाला भुलू नका एवढं कळकळीने सांगतो. स्पेनमध्ये लाल वाईनवर रेझेर्वा लिहायचं तर ती किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात, असा कायदाच आहे. अमेरिकेत रिझर्व्ह ह्या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही, कोणीही कशावरही लिहावा. आपल्याकडच्या बाटलीवर तो दिसला तर मागचं लेबल वाचा, पुढचं नको.

वायनरीत पूर्वी ओळख झालेल्या एका माणसाला फोन केला. त्याने सांगितलं ते ऐकून राग नाही आला, वाईट वाटलं. २२५ लिटरची ओकची पिंपं आता फक्त सगळ्यात महागड्या लेबलासाठी, ह्या शिराझला स्टीलच्या टाकीत ओकच्या फळ्या बुडवून ठेवतात, व्हॅनिला तिकडनं येतो. द्राक्षं तीन तालुक्यांतल्या कराराच्या शेतकऱ्यांकडून, वजनावर भाव, त्यामुळे वेलीवर घड जितके जास्त तितका शेतकऱ्याचा फायदा, मग रस दाट व्हावा म्हणून घड विरळ कोण करणार. तोडणीचा दिवस गोडी बघून ठरत नाही, टेंपो आणि टाकी मोकळी असेल त्यावर ठरतो. आणि शेवटी थोडी साखर मुद्दाम मागे ठेवतात, कारण नव्या पिणाऱ्यांना कोरडी वाईन आवडत नाही असं मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं. फळ्या वापरणं किंवा थोडी साखर राखणं हा गुन्हा नाही, जगभर स्वस्त वाईन अशीच करतात. पण ती स्वस्त वाईन वेगळ्या नावाने विका ना. जुनं नाव, जुनं चित्र तसंच ठेवून आत दुसरं काही भरायचं हे मला पटत नाही.

त्या जुन्या मालकांकडे मी एकदा फेब्रुवारीत गेलो होतो, तोडणी चालू असताना. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी, आणि वाईनचं पीक जानेवारी ते मार्चमध्ये येतं. काका सत्तरीचे असतील, डोक्यावर टॉवेल, खिशात ते छोटं नळकांड्यासारखं यंत्र ज्यात रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून गोडी बघतात. एक मणी चिरडला, थेंब काचेवर टाकला, एक डोळा मिटून बघितलं, मग मला दिलं, आत निळ्या-पांढऱ्या रेघेवर आकडा दिसत होता २३च्या जरा वर. मला वाटलं झालं, तोडणार. त्यांनी मण्यातली बी काढून दाताखाली चावली, मलाही चावायला दिली, हिरवट कडू लागली. म्हणाले, साखर आली पण बी अजून कच्ची आहे, चार दिवस थांबायचं. त्या चार दिवसांसाठी मजुरांची टोळी परत पाठवली, माझ्यासमोर.

त्याच भेटीत त्यांनी सांगितलं की एका वर्षी तोडणीच्या तोंडावर अवकाळी आणि गारपीट झाली तेव्हा ह्या लेबलाची शिराझ त्यांनी केलीच नाही, जो रस निघाला तो मोकळा दुसऱ्याला विकून टाकला. मी विचारलं मग त्या वर्षी भागलं कसं? तर म्हणाले, "दोन एकर थॉमसन आहे ना, त्याचा बेदाणा केला. निभलं."

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. घर चांगलं आणि कंपनी वाईट असं मी म्हणत नाही. ह्या वर्षी वाईन करायची नाही असं म्हणायची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न आहे.

कॅलिफोर्नियातल्या इंगलनूकची गोष्ट बघा. १८७९ साली गुस्ताव नीबाम नावाच्या जहाजाच्या कप्तानाने नापा व्हॅलीत काढलेली वायनरी, पुढे घराण्यातल्या जॉन डॅनियल ज्युनियरने तिची कॅबर्नेट ही लाल वाईन अशी केली की १९४१ सालची बाटली आजही दंतकथा आहे. हा माणूस जी वाईन मनासारखी उतरली नाही ती इंगलनूकच्या नावाने बाटलीत भरायचाच नाही. १९६४ साली त्याने वायनरी विकली, १९६९ साली ती ह्युब्लाइन ह्या दारूच्या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि काही वर्षांत इंगलनूक हे नाव मोठमोठ्या बुधल्यांमध्ये विकल्या जाणाऱ्या स्वस्त वाईनचं झालं. सिनेमा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने १९७५ साली त्या इस्टेटचा एक भाग घेतला, १९९५ साली उरलेला, पण नाव काही त्याला मिळालं नाही, ते मिळायला २०११ साल उजाडलं. वाईन सुधारायला जमीन आणि पैसा पुरला, नाव परत आणायला छत्तीस वर्षं गेली.

रॉबर्ट माँडावीचं जरा वेगळं. १९६६ साली त्याने वायनरी काढली, २००४ साली कॉन्स्टेलेशन कंपनीने कर्ज धरून सुमारे १३६ कोटी डॉलरला ती घेतली, आणि लोक म्हणतात कंपनीने घराणं गिळलं. पण शेअर बाजारात कुटुंब स्वतःच १९९३ साली गेलं होतं आणि वुडब्रिज नावाची स्वस्त वाईन कुटुंबानेच सुरू केली होती. तिमाहीचे आकडे एकदा दाखवायला लागले की घरातली माणसंही कंपनीसारखाच विचार करायला लागतात.

उलट बाजूही सांगायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. फ्रान्समधली शातो दिकेम, गोड वाईनमधली सगळ्यात मोठी, दोनशेहून जास्त वर्षं ल्यूर-सालूस घराण्याकडे होती, १९९९ साली एलव्हीएमएच ह्या अवाढव्य कंपनीकडे गेली, ह्यांचा हँडबॅगांचा आणि अत्तरांचा धंदा. आणि २०१२ साली द्राक्षं बिघडली तेव्हा ह्याच कंपनीने जाहीर करून टाकलं की ह्या वर्षीची दिकेम निघणार नाही. एक बाटली नाही. म्हणजे मालक कंपनी असली तरी हे होऊ शकतं, फक्त त्या नावावर जगायचं की ते नाव वापरून दुसरं काही खपवायचं हे मालकाने ठरवलेलं असावं लागतं.

आपल्याकडे हे नवीनच आहे. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर कुटुंबाची वायनरी २०१२ साली नाशिकच्या व्हॅली द व्हँमध्ये विलीन होऊन ग्रोव्हर झाम्पा झाली, नाशिकच्या गुरनानी कुटुंबाची यॉर्क २०२१ साली सुलाने घेतली. मी ज्या बाटलीबद्दल लिहितोय ती ह्यातली कुठलीच नाही, गैरसमज नको. आणि विकणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. लाल वाईन म्हणजे पैसे दोन-दोन वर्षं पिंपात अडकलेले, एकेक फ्रेंच पिंप लाखाच्या आसपास, वर प्रत्येक राज्याचं एक्साइज वेगळं, लेबलाची नोंदणी वेगळी, गोव्यात पाठवायची तरी फी भरा आणि कागद करा. काकांच्या मुलांनी कर्जाचे हप्ते मोजले आणि सही केली, त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली असती.

मला काळजी वाटते ती आमच्या भाट्यांचीही, म्हणजे फेणी गाळतात त्या भट्ट्यांची. काजू फेणीला २००९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सत्तरी तालुक्यात आमच्या नात्यातल्या एकांची भाटी आहे, तिथे बोंडू म्हणजे काजूचं फळ झाडावरनं तोडत नाहीत, आपणहून खाली पडलेलाच वेचायचा, कारण पूर्ण पिकल्याशिवाय तो पडत नाही. सकाळी मावशी पाटी घेऊन जाते ती जेवढे पडलेत तेवढेच आणते, कधी दोन पाट्या, कधी अर्धी. तेवढ्याचाच रस, तेवढीच फेणी. उद्या तिथे रोज इतके लिटर असा करार करणारा कोणी आला तर झाड हलवायला किती वेळ लागेल?

असो, रिव्ह्यू पुरा करतो. २०२२ची शिराझ, मी ७९० रुपयांना घेतली, जुनी ८५०ची होती, म्हणजे भाव वाढलेला नाही उलट उतरलाय, वर दोनवर एक अशी स्कीम बऱ्याच ठिकाणी आहे. पहिल्यांदाच लाल वाईन पिणाऱ्याला, जेवणाशिवाय, थंड करून, चालेल. शागुती, सोरपोतेल, काळ्या वाटाण्याची उसळ असल्या मसाल्याच्या जेवणाबरोबर घेऊ नका, पैसे वाया. ५ पैकी २, आणि ते दोन स्वच्छ बनवल्याबद्दल. स्क्रूच्या झाकणाबद्दल कोणी नाक मुरडू नये, आमच्या हवेत बुचापेक्षा ते बरंच. २०१६ला मी ५ पैकी साडेचार देतो, पण कुठे मिळाली तर कधी आली आणि कुठे ठेवली होती हे विचारूनच घ्या.

दुसऱ्यांना काय घ्यावं हे मला विचाराल तर लेबलावर गावाचं आणि बागेचं नाव असलेली बाटली आधी बघा, आणि शक्य असेल तर एकाच वायनरीच्या दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या घ्या. दोन वर्षं वेगवेगळी लागली तर समजा पावसा-उन्हाचं काहीतरी अजून त्या वाईनमध्ये उतरतंय. कंपनीला मी मेल केलाय, तीनच प्रश्न विचारलेत, द्राक्षं कुठली, पिंपात किती महिने, आणि पाऊस पडला त्या वर्षी काय केलंत. महिना झाला, उत्तर नाही.

पणजीचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, रविवारी सकाळीच उघडं. पात्रांवकडे २०१६ची शेवटची एक बाटली आहे, ती त्याने धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलीय, ती मागू नका.